कंबर दुखते, तहान भागत नाही, साखर मात्र नॉर्मल : मल्टिपल मायलोमा हाडं कसा पोखरतो?

रत्नागिरी : कलमाच्या बुंध्याशी भुसा पडलेला दिसला की बागायतदाराच्या पोटात गोळा येतो. झाड वरून हिरवंगार असतं, पालवीही येत असते, पण आत खोडकिडा शिरलेला असतो. कीड डोळ्यांना दिसत नाही, दिसतो तो फक्त भुसा. माणसाच्या हाडांनाही असाच आतून पोखरणारा एक आजार आहे. मल्टिपल मायलोमा त्याचं नाव. हा अस्थिमज्जेत, म्हणजे हाडाच्या आतल्या मगजात सुरू होणारा रक्ताचा कॅन्सर आहे. यात हाडातून जो भुसा पडतो तो म्हणजे कॅल्शियम, आणि तो खाली जमिनीवर पडत नाही, रक्तात उतरतो.

आता कुणी म्हणेल, हाडं ठिसूळ झाली म्हणजे अंगात कॅल्शियम कमी झालं असणार. आपल्याकडे तर हा हिशेब पाठच आहे. म्हाताऱ्या माणसाची कंबर धरली की मेडिकलमधून कॅल्शियमच्या गोळ्या येतात. मोबाईलवर कुणीतरी पाठवतं, रोज चुन्याचा एवढासा गोळा खा, हाडं लोखंडासारखी होतील. पण मायलोमात हाड रिकामं होत असतं आणि त्याच वेळी रक्तातलं कॅल्शियम गरजेपेक्षा जास्त झालेलं असू शकतं. हे कसं होतं ते समजून घेतलं, तर घरातल्या माणसाचं दुखणं नुसतं कामाचं आहे की आणखी काही, हे विचारायचं तरी सुचेल.

हाड म्हणजे वाळलेला वासा नव्हे. ते जिवंत असतं आणि त्याची डागडुजी रोज चालू असते. जुन्या चिऱ्याच्या घराची भिंत दुरुस्त करताना काय करतात ते आठवा. एक गडी पुढे राहून झिजलेले, भुगा होत आलेले चिरे काढत जातो आणि मागून गवंडी त्या जागी नवे चिरे बसवत येतो. हाडातही अशाच दोन टोळ्या असतात. जुनं हाड विरघळवणाऱ्या पेशींना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात आणि नवं हाड भरणाऱ्यांना ऑस्टिओब्लास्ट. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा भाग वर्षभरात असा बदलला जातो. काढणारा आणि बसवणारा एकमेकांच्या तालात आहेत, तोवर भिंत उभी राहते.

या हाडांच्या आत मगज असतो. रक्त तिथे तयार होतं. त्याच मगजात प्लाझ्मा पेशी नावाच्या पेशी असतात. जंतू अंगात शिरले की त्यांच्याशी लढणारी प्रथिनं, म्हणजे अँटिबॉडी बनवणं हे त्यांचं काम. मायलोमात यातली एक पेशी बिघडते आणि तिच्यासारख्याच हजारो, लाखो तयार होत जातात. सगळ्या मिळून एकाच साच्यातलं, कुठल्याही जंतूवर न चालणारं प्रथिन रक्तात ओतत राहतात. चांगल्या पेशींना मगजात जागा उरत नाही. त्यामुळे रक्त कमी होतं, माणूस फिका पडतो, थोडं चढण चढलं की धाप लागते, आणि न्यूमोनियासारखे संसर्ग परत परत होतात.

हाडांचं नुकसान मात्र या पेशी स्वतःच्या हातांनी फारसं करत नाहीत. त्या टोळ्यांना फितवतात. हाड काढणाऱ्या टोळीला बोलावणारा एक रासायनिक निरोप असतो, रँक लिगँड नावाचा. त्या निरोपाला वाटेत अडवणारा एक पहारेकरीही शरीराने ठेवलेला असतो, ऑस्टिओप्रोटेजेरिन. नाव उच्चारता आलं नाही तरी चालेल, काम लक्षात ठेवा. मायलोमाच्या पेशी निरोप वाढवतात आणि पहारेकरी कमी करतात. काढणारे गडी वाढत जातात. दुसऱ्या बाजूला याच पेशी डीकेके-१ सारखे पदार्थ सोडतात, त्याने गवंड्यांचे हात बांधले जातात. म्हणजे चिरे निघतायत दुप्पट वेगाने आणि बसवणारा कोणीच नाही. शिवाय हाड विरघळताना त्यात साठलेले वाढीचे घटक बाहेर पडतात आणि तेच त्या कॅन्सरच्या पेशींना खत म्हणून मिळतात. पेशी वाढल्या की हाड आणखी पोखरलं जातं, हाड पोखरलं की पेशी आणखी वाढतात. हे चक्र औषधाशिवाय थांबत नाही.

म्हणूनच मायलोमाच्या रुग्णाच्या कवटीच्या एक्स-रेत पंचिंग मशीनने पाडावीत तशी स्वच्छ गोल भोकं दिसतात. दुसऱ्या काही कॅन्सरमध्ये हाड खाल्लं गेलं तरी कडेने नवं हाड धरायची धडपड दिसते. इथे ती बहुतेक नसतेच. निदानाच्या वेळी दर १० रुग्णांपैकी साधारण ७ ते ८ जणांच्या हाडांत असं नुकसान सापडतं. जिथे लाल मगज जास्त तिथे हे जास्त होतं. पाठीचे मणके, बरगड्या, कवटी, कमरेचं हाड, मांडीच्या आणि दंडाच्या हाडाचा वरचा भाग. मनगट किंवा पावलाच्या हाडांत क्वचितच. म्हणून रुग्ण येतो तो बहुतेक वेळा पाठ, कंबर, नाहीतर बरगडी धरून.

ही गोष्ट आजची नाही. १८४४ साली लंडनमधला थॉमस मॅकबीन नावाचा एक व्यापारी सुट्टीवर असताना उडी मारायला गेला आणि त्याच्या छातीत काहीतरी तुटल्यासारखं झालं. पुढे दुखणं वाढतच गेलं. डॉक्टरांनी त्याची लघवी हेन्री बेन्स जोन्स या डॉक्टरकडे तपासायला पाठवली. त्यांना तिच्यात एक विचित्र प्रथिन सापडलं. तापवलं की ते विरघळायचं आणि गार झालं की पुन्हा घट्ट व्हायचं. १ जानेवारी १८४६ ला मॅकबीन वारला. शवविच्छेदनात त्याच्या बरगड्या इतक्या मऊ निघाल्या की सुरीने सहज कापल्या जात होत्या. ते प्रथिन आजही बेन्स जोन्स प्रथिन म्हणूनच ओळखलं जातं.

आपल्याकडचं उदाहरण अभिनेत्री आणि चंदीगडच्या त्यावेळच्या खासदार किरण खेर यांचं. नोव्हेंबर २०२० मध्ये घरी त्यांचा डावा हात मोडला. त्यानिमित्ताने झालेल्या तपासण्यांत मल्टिपल मायलोमा निघाला आणि उपचारासाठी त्या मुंबईला आल्या. एप्रिल २०२१ मध्ये त्यांचे पती अनुपम खेर यांनी ही बातमी जाहीर केली. मोडलेल्या हाडाला नुसतं प्लास्टर करून सोडलं नाही, हाड का मोडलं हेही शोधलं, हे त्यातलं महत्त्वाचं. माजी पंतप्रधान विश्वनाथ प्रताप सिंग यांनाही हाच आजार होता. मायलोमा आणि निकामी झालेल्या किडन्या घेऊन त्यांनी बरीच वर्षं काढली, २७ नोव्हेंबर २००८ ला ते गेले. किडनीचा यात काय संबंध, ते आता येतंच.

रक्तात कॅल्शियम वाढलं की काय होतं?

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण एक किलो कॅल्शियम असतं. त्यातलं १०० पैकी ९९ भाग हाडांत आणि दातांत. सगळ्या रक्तात मिळून ते अर्धा ग्रॅमही भरत नाही. म्हणजे गोदामात किलोभर आणि खिशात चिमूटभर. पण त्या चिमटीवरच हृदयाचे ठोके, स्नायूंची हालचाल आणि मेंदूचं काम चालतं, म्हणून शरीर तिचा हिशेब फार काटेकोर ठेवतं. दर १०० मिलिलिटर रक्तद्रवात साधारण साडेआठ ते साडेदहा मिलिग्रॅम. मायलोमात ११ च्या वर गेलं की डॉक्टर गंभीरपणे घेतात आणि १४ च्या पुढे गेलं तर जिवावर बेतू शकतं.

गोदामाची भिंत फुटली की सगळा माल खिशात यायला लागतो. सुरुवातीला किडनी जास्तीचं कॅल्शियम लघवीवाटे टाकून देते. पण जास्त कॅल्शियममुळे किडनीला पाणी धरून ठेवता येत नाही. लघवी वारंवार आणि भरपूर होते, अंगातलं पाणी जातं, तोंड कोरडं पडतं, तहान लागते. त्यातच मळमळ असते, जेवण नको होतं, पाणीही पोटात राहत नाही. मग अंग सुकतं, सुकलं की किडनीकडे रक्त कमी जातं, आणि किडनी कॅल्शियम आणखीच कमी बाहेर टाकते. भरीला मायलोमाच्या पेशींनी बनवलेल्या प्रथिनांचे तुकडे किडनीच्या बारीक नळ्यांत जाऊन अडकतात. पावसाळ्यात पन्हळीत पालापाचोळा अडकून पाणी तुंबावं तसं. दोन्ही बाजूंनी किडनीच मारली जाते.

आपली लोकं फसतात ती इथेच. सारखी तहान आणि सारखी लघवी म्हटलं की पहिला संशय डायबेटिसचा येतो आणि तो बरोबरच आहे. साखर तपासली जाते. ती नॉर्मल येते आणि सगळे सुटकेचा श्वास टाकतात. उन्हाळा असेल तर "उष्णता झाली" म्हणून कोकम सरबत सुरू. पण साखर नॉर्मल असताना तहान आणि लघवी थांबत नसेल, तर कॅल्शियम तपासायला हवं, हे फार कमी जणांना माहीत असतं.

बाकीची लक्षणंही अशीच साधी, घरगुती वाटणारी. हट्टी बद्धकोष्ठ. थकवा इतका की खळ्यातून ओटीपर्यंत येणं नको वाटतं. मग हळूहळू डोक्यावर परिणाम. माणूस झोपाळू होतो, बोलताना अडखळतो, वेळकाळ विसरतो, असंबद्ध बोलतो. घरचे म्हणतात म्हातारचळ लागलं, कुणी म्हणतं बाहेरचं काहीतरी आहे. देवाला गाऱ्हाणं घालायला कुणाची हरकत नाही, पण त्याच दिवशी रक्तही तपासायला द्या. कॅल्शियम वाढल्याने आलेला हा गोंधळ कॅल्शियम उतरवलं की बऱ्याचदा निवळतो, आणि उतरवलं नाही तर माणूस बेशुद्धीत जातो.

मायलोमाच्या प्रत्येक रुग्णाचं कॅल्शियम वाढतंच असं नाही. निदानाच्या वेळी दर १० जणांत एक ते तीन जणांचं वाढलेलं सापडतं. त्यामुळे कॅल्शियम नॉर्मल आलं म्हणजे मायलोमा नाहीच, असं धरून चालायचं नाही. उलट बाजूही खरी. कॅल्शियम वाढण्याची इतर कारणं आहेत. गळ्यातल्या पॅराथायरॉईड ग्रंथीचा बिघाड, दुसऱ्या अवयवाचा कॅन्सर, आणि अलीकडे बरंच दिसणारं कारण म्हणजे ताकदीसाठी म्हणून मनाने घेतलेली डी जीवनसत्त्वाची भारी डोसाची इंजेक्शनं. पीटीएच नावाच्या तपासणीने पॅराथायरॉईड वेगळं काढता येतं. मायलोमात पीटीएच कमी असतं, कारण रक्तात आधीच जास्त झालेलं कॅल्शियम बघून ती ग्रंथी गप्प बसते.

डॉक्टर मंडळींनी या आजाराच्या चार खुणा लक्षात राहाव्यात म्हणून इंग्रजीत "क्रॅब" असा शब्द धरलाय. क्रॅब म्हणजे आपली कुर्ली. सी म्हणजे कॅल्शियम, आर म्हणजे रीनल म्हणजे किडनी, ए म्हणजे ॲनिमिया म्हणजे रक्त कमी, बी म्हणजे बोन म्हणजे हाड. कर्करोगातला कर्क म्हणजे पुन्हा खेकडाच, त्यामुळे आपल्या किनारपट्टीवाल्यांना हे विसरायला होणार नाही.

साधी कंबरदुखी आणि ही कंबरदुखी

लावणीत दिवसभर वाकून, नाहीतर आंब्याचे क्रेट उचलून कुणाची कंबर दुखत नाही? शंभरात नव्व्याण्णव जणांचं दुखणं कामाचंच असतं, उगाच घाबरू नका. मायलोमा हा त्यामानाने विरळ आजार आहे आणि बहुतेक पन्नाशी-साठीच्या पुढे होतो. पण काही गोष्टी एकत्र आल्या तर थांबून विचार करा. विश्रांती घेऊनही महिना-दीड महिना न हटणारं दुखणं. हलताना, खोकताना कळ. काही न होता किंवा साध्या धक्क्याने मोडलेलं हाड. उंची कमी झाल्यासारखी वाटणं, पाठीला पोक येणं. सोबत रक्त कमी आणि अंगात दम नाही. आणि पाठदुखीबरोबर पायात मुंग्या, पाय लटके पडणं किंवा लघवी अडकणं असं काही झालं, तर ती वेळ तपासणीचा विचार करत बसण्याची नाही. मणका खचून मज्जारज्जू दाबला जात असू शकतो. त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा.

आणि इथे एक गोष्ट जरा जोर देऊन सांगतो. दुखलं की इंजेक्शन मारून घ्यायची आपली सवय. डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं किडनीवर ताण टाकतात. ज्याची किडनी मायलोमामुळे आधीच तुंबली आहे, त्याला महिनोन्महिने ही इंजेक्शनं आणि गोळ्या देणं म्हणजे बुडत्याच्या पाठीवर धोंडा. त्यावर मनाने घेतलेलं कॅल्शियम आणि चुना. रोजची नाचणीची भाकरी आणि दूध यांनी मायलोमा होत नाही की कॅल्शियम असं वाढत नाही, त्यांना उगाच दोष देऊ नका. प्रश्न गोळ्यांचा आणि चुन्याचा आहे. हाडाची भिंत फुटलेली असताना वरून आणखी माल ओतून ती बांधली जात नाही.

साध्या तपासण्या तालुक्याच्या लॅबमध्येही होतात आणि काही शेकड्यांत होतात. हिमोग्लोबिन, ईएसआर, क्रिएटिनिन, कॅल्शियम, एकूण प्रथिनं आणि अल्ब्युमिन. कॅल्शियमचा आकडा अल्ब्युमिनबरोबर वाचावा लागतो, कारण रक्तातलं बरंच कॅल्शियम अल्ब्युमिनला चिकटून असतं. अल्ब्युमिन कमी असेल तर खरं कॅल्शियम कागदावरच्या आकड्यापेक्षा जास्त असतं. एकूण प्रथिनं जास्त आणि अल्ब्युमिन कमी, ईएसआर खूप चढलेला, रक्त कमी, असा रिपोर्ट आला तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "मायलोमाची तपासणी करायची का?" पुढची पायरी म्हणजे प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, फ्री लाइट चेन आणि अस्थिमज्जेची तपासणी. लघवीच्या साध्या पट्टीवर भरवसा ठेवू नका. ती पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन ओळखते, बेन्स जोन्स प्रथिन तिला बऱ्याचदा कळतच नाही. साध्या एक्स-रेचंही तसंच. हाडाचा साधारण तिसरा ते निम्मा भाग गेल्याशिवाय त्यात भोक उमटत नाही. म्हणून सीटी, एमआरआय किंवा पेट स्कॅन लागतो.

कॅल्शियम फार वाढलेलं असेल तर पहिलं औषध म्हणजे सलाईन. सुकलेल्या अंगात पाणी गेलं की किडनी पुन्हा कॅल्शियम बाहेर टाकू लागते. मग झोलेड्रोनिक ॲसिड. शिरेतून हळूहळू दिलं जाणारं हे इंजेक्शन हाड काढणाऱ्या टोळीलाच गप्प करतं. त्याचा पूर्ण परिणाम दिसायला दोन-चार दिवस लागतात, म्हणून मधल्या वेळेसाठी कॅल्सिटोनिनचा आधार घेतात. किडनी फार बिघडली असेल तर डेनोसुमॅब हा पर्याय असतो, तो थेट त्या रँक लिगँडच्या निरोपालाच पकडतो. अगदीच हाताबाहेर गेलं तर डायलिसिस. पण मूळ मायलोमाचा उपचार सुरू झाला नाही तर कॅल्शियम पुन्हा चढतं. तो उपचार बोर्टेझोमिब, लेनालिडोमाइड, डेक्सामेथासोन अशा औषधांनी होतो आणि झेपणाऱ्या रुग्णात स्वतःच्याच मूळपेशींचं प्रत्यारोपण करतात. आजार बहुतेकांत मुळासकट जात नाही, पण वर्षानुवर्षं दाबून ठेवता येतो. ही औषधं आता भारतीय कंपन्याही बनवतात, त्यामुळे पूर्वीपेक्षा स्वस्त झाली आहेत.

झोलेड्रोनिक ॲसिड पुढे दर महिन्याला, नंतर काहींना अंतर वाढवून देतात. ते सुरू करण्याआधी दात तपासून घ्या. किडलेले दात काढायचे असतील तर आधीच काढा, कारण हे औषध चालू असताना दात काढला तर काही जणांचं जबड्याचं हाड भरून येत नाही. गंमत म्हणजे या टप्प्यावर डॉक्टर स्वतःच कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व लिहून देतात. औषधाने रक्तातलं कॅल्शियम खाली जाऊ शकतं म्हणून. तेव्हा ते घ्यायचं. कोणत्या टप्प्यावर काय, हे रक्त बघून ठरतं.

फवारणीचा आणि या आजाराचा काही संबंध आहे का, असं बागायतदार विचारतात. मायलोमाचं नेमकं कारण सापडलेलं नाही. शेतीकाम आणि काही कीटकनाशकांशी त्याचा थोडा संबंध काही अभ्यासांत दिसला आहे. व्हिएतनाम युद्धात एजंट ऑरेंज या तणनाशकाच्या संपर्कात आलेल्या अमेरिकी सैनिकांना मायलोमा झाला, तर तिथलं सरकार तो सेवेतला आजार मानतं. म्हणून फवारणी केलेल्या प्रत्येकाला हा आजार होतो असं नाही, पण तोंडाला फडकं न बांधता मोहोरावर फवारणारी आपली पोरं बघितली की वाटतं, मास्क आणि हातमोजे काही फार महाग नाहीत. आजार संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवल्याने, एका घरात राहिल्याने होत नाही.

आपल्या जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातल्या डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात कॅन्सरचा विभाग आहे, तिथून सुरुवात करता येते. पुढे परळचं टाटा मेमोरियल आणि त्यांचंच खारघरचं ॲक्ट्रेक. मूळपेशी प्रत्यारोपणाची सोय ॲक्ट्रेकमध्ये आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. आपला उपचार त्यात बसतो का, हे दाखल होण्याआधी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडून विचारून घ्या, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. खारघरला जायचं तर कोकण रेल्वेने पनवेलला उतरणं सोयीचं पडतं. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला रेल्वे भाड्यात सवलत मिळते, त्यासाठी हॉस्पिटलचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. पहिल्याच फेरीत तो मागून घ्या.